कावळा खाताना बघा: मुंबईत पक्ष्यांचं खाणं आणि डोकं समजून घ्यायची रीत

मुंबईत पक्षी बघायचे म्हटलं की माणूस आधी दुर्बीण घेतो, मग बोरिवलीचा नाहीतर शिवडीचा बेत आखतो आणि तो बेत एका रविवारवरून दुसऱ्या रविवारवर ढकलत बसतो. दुर्बीण नंतर घ्या. पक्ष्यांची नावं पाठ करायचीही घाई नको. आधी खिडकीत येणारा एकच पक्षी निवडा आणि तो खाताना बघा. पक्ष्याचं डोकं कसं चालतं हे जितकं त्याच्या खाण्यात दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही. काय खायचं, कुठून उचलायचं, कोणापासून लपवायचं, समोरचा माणूस पोळी टाकणार की चप्पल फेकणार, हे सगळे निर्णय तो तुमच्या डोळ्यांदेखत घेत असतो.

त्यासाठी लागणारी रीत इथे क्रमाने दिली आहे. सुरुवात घरातून, मग सोसायटीतलं झाड, मग खाडी. खायला घालण्याबद्दलचे नियमही पुढे आहेत, आणि ते थोडे कडक आहेत.

पहिला विद्यार्थी कावळाच

सुरुवात कावळ्यापासून करा. तो कुठेही मिळतो, माणसाला फारसा भीत नाही आणि त्याचं कुळ पक्ष्यांमधलं सगळ्यात हुशार समजलं जातं. मुंबईत दोन कावळे दिसतात. मान आणि छाती राखाडी असलेला तो गावकावळा. अख्खा काळाभोर, अंगाने मोठा, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. डोमकावळा आरे, मलबार हिल, राणीची बाग अशा झाडी असलेल्या भागात जास्त भेटतो. खिडकीत येतो तो बहुतेक गावकावळा.

एवढ्याशा डोक्यात मावणार किती, असं वाटत असेल तर २०१६ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगतो. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या. कावळा ज्यांच्यात मोडतो ते गाणारे पक्षी आणि पोपट यांच्या मेंदूत तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा सरासरी दुप्पट चेतापेशी निघाल्या. मेंदू लहान, पण आतला माल दाटीवाटीने भरलेला. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून प्रवास करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

पहिला आठवडा कावळ्याला काहीही घालू नका. तो कधी येतो आणि कुठून येतो एवढंच बघा. त्याचा दिवस ठरलेला असतो हे लवकरच लक्षात येईल. कचऱ्याची गाडी येते ती वेळ, मासेवाली टोपली उतरवून सुरमई साफ करायला बसते ती वेळ, शाळेची मधली सुट्टी, वडापावच्या गाडीवर संध्याकाळी होणारी गर्दी. मासेवालीच्या बाबतीत तर कावळा तिच्या आधी हजर असतो. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की दोघेतिघे समोरच्या पत्र्यावर येऊन बसतात आणि ती विळीवर बसेपर्यंत अजिबात ओरडत नाहीत. जागा आणि वेळ अशी जोडून लक्षात ठेवता येणं ही बुद्धीची पहिली खूण. ती टिपायला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

नजर चोरायला शिका

इथे बहुतेक जण फसतात. कावळ्याकडे टक लावून बघितलं की तो उडतो. तुम्ही खिडकीजवळ उभे आहात याचं त्याला फारसं काही नसतं, तुम्ही त्याच्याकडे बघताय याचं असतं. युरोपात जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या कुळातला लहान पक्षी आहे. माणसाचे डोळे कुठे वळलेत हे तो ओळखतो आणि त्यानुसार वागतो, हे २००९ मध्ये प्रयोगांतून दिसलं. अमेरिकेतले कावळेसुद्धा थेट बघणाऱ्या माणसापासून लवकर पळतात. आपल्याकडचा गावकावळा काय करतो ते स्वतः करून बघा: एकदा मान वळवून, मोबाइलमध्ये डोकं घालून खिडकीत उभे राहा. दुसऱ्यांदा तेवढ्याच अंतरावरून सरळ त्याच्या डोळ्यांत बघा. दोन्ही वेळा तो किती सेकंद थांबला ते मोजा.

म्हणून बसायची जागा खोलीत आत, उजेडापासून दूर ठेवा. दिवा बंद, पडदा अर्धा ओढलेला. मोबाइल कुंडीला टेकवून व्हिडिओ चालू करून ठेवला तर उत्तमच, कारण कावळ्याच्या हालचाली इतक्या झपाट्याने होतात की निम्म्या गोष्टी दुसऱ्यांदा बघतानाच दिसतात.

एक साधी वही करा. तारीख, वेळ, हवा, कोण आलं, काय उचललं, कुठे नेलं, कोणी कोणाला हुसकावलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. कठड्यावर येणाऱ्या कावळ्यांत एखादा नेहमी आधी खातो, एखादा लांब बसून वाट बघतो. पंखातलं तुटलेलं पीस, चोचीवरचा पांढरा चरा, लंगडा पाय अशा खुणांवरून निदान एकदोन कावळे तरी वेगळे ओळखता येतात. तिथून गंमत सुरू होते.

चार परीक्षा

आता घास ठेवायला हरकत नाही. घास म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा. जेवण वाढायचं नाही, प्रश्न घालायचा आहे. पोट भरलेला कावळा डोकं चालवत नाही आणि रोज भरपेट वाढलंत तर तो अभ्यासाचा विषय न राहता सोसायटीच्या तक्रारीचा विषय होतो.

पहिली परीक्षा कडक पावाची. कालचा वाळून कडक झालेला पाव, बोटाच्या पेराएवढा, कठड्यावर ठेवा. शेजारी रुंद तोंडाच्या वाटीत दोन बोटं पाणी. कावळा येतो, तुकडा चोचीत घेतो, पायाखाली दाबून एकदोन टोचे मारतो. काही जण तसाच घेऊन उडतात. काही मात्र तुकडा वाटीत टाकतात, मान तिरकी करून बघतात, बाहेर काढून दाबून पाहतात, पुन्हा टाकतात. मऊ झाला की काठावर ठेवून लहान लहान लचके. हे गावकावळ्यांत नेहमी दिसतं, पण प्रत्येक कावळा करत नाही. तुमच्याकडच्यांपैकी कोण करतो, आणि न करणारा दुसऱ्याचं बघून पुढे करायला लागतो का, यावर वही उघडी ठेवा. दुसऱ्याचं बघून शिकणं हे पक्ष्यांत चांगलंच आढळतं. इंग्लंडमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं टोचून वरची साय खाणारे चिमुकले टिट पक्षी १९२१ मध्ये पहिल्यांदा नोंदले गेले आणि पुढच्या काही दशकांत ही सवय देशभर दिसू लागली. आपल्याकडे पहाटे दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीला कावळा चोच मारतो तेव्हा शिव्या घालण्याआधी हे आठवा.

दुसरी परीक्षा झाकलेल्या घासाची. कावळ्याच्या देखत तुकडा ठेवून त्यावर बदामाचं मोठं पान ठेवा. दिसेनासा झालेला घास तिथेच आहे हे त्याला कळतं का, आणि पान तो चोचीने उलटतो की ओढून बाजूला करतो, ते बघा. नंतर दोन पानं ठेवा आणि घास एकाखालीच. प्लॅस्टिकची पिशवी, दोरा, रबरबँड यातलं काहीही वापरायचं नाही. दोऱ्याला घास बांधून ओढायला लावायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते प्रयोगशाळेतच राहू द्या. मुंबईत मांज्यात अडकलेले पक्षी दरवर्षी कमी नसतात.

तिसरी परीक्षा नव्या वस्तूची, आणि सगळ्यात बोलकी हीच. रोजच्या जागी रोजचाच घास ठेवा, फक्त शेजारी लाल रंगाची एखादी डबी ठेवा जी तिथे कधीच नव्हती. कावळा येईल आणि थबकेल. बाजूने चालेल, एक पाऊल पुढे टाकून दोन उड्या मागे घेईल, कधी तोंडचा घास सोडून निघून जाईल. कावळ्याच्या कुळात नव्या वस्तूची धास्ती मोठी असते. माणसाच्या वस्तीत फासा, विष, गलोल असं सगळं असू शकतं, तेव्हा संशय घेणाराच टिकतो. तीच डबी रोज ठेवत गेलात की थबकण्याचा वेळ कमी होत जातो. साळुंकी आणि चिमणी डबीला किती घाबरतात तेही बघा, आणि पारव्याला डबी दिसते तरी का, हा प्रश्न तुम्हालाच पडेल.

पिंडाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाणगंगेवर किंवा कुठल्याही घाटावर दहाव्याला पिंड ठेवून घरची माणसं ताटकळत उभी असतात. कावळा शिवत नाही म्हणून गेलेल्याची कुठली इच्छा राहिली याची उजळणी होते, धाकटीचं लग्न लावून देण्याचं वचन पिंडाला दिलं जातं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण कावळ्याच्या जागेवरून तोच देखावा बघा. दहापंधरा अनोळखी माणसं गोल करून उभी आहेत आणि सगळ्यांची नजर त्याच्यावरच खिळली आहे. त्यात सकाळपासून त्याचे तीन पिंड खाऊन झालेत. माझा सल्ला इतकाच की सगळ्यांनी वीस पावलं मागे सरून पाठ करावी आणि आपसांत बोलत राहावं. भटजींनाही हे माहीत असतं, सगळेच बोलून दाखवत नाहीत.

चौथी परीक्षा लपवाछपवीची. यात तुम्ही काही करायचं नाही. पोट भरलं की कावळा उरलेला घास नेऊन कुठेतरी खुपसतो: कौलाखाली, एसीच्या डब्यामागे, तुमच्याच कुंडीतल्या मातीत, वर एक वाळलेलं पान. लपवताना दुसरा कावळा बघत असेल तर काय होतं ते टिपा. अमेरिकेत आढळणाऱ्या स्क्रब जे या कावळ्याच्या चुलत भावावर नेथन एमरी आणि निकोला क्लेटन या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लपवताना दुसऱ्याने पाहिलं असेल तर हे पक्षी नंतर एकटे असताना घास काढून नव्या जागी लपवायचे. पण सगळे नाही. ज्यांनी स्वतः आधी दुसऱ्याचा घास चोरला होता तेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीबद्दल मुलं विचारतीलच. घड्यात खडे टाकून पाणी वर आणायची करामत रूक या युरोपातल्या कावळ्याने २००९ मध्ये केंब्रिजमध्ये खरोखर करून दाखवली. काचेच्या नळीत पाणी, त्यावर तरंगणारी अळी आणि शेजारी दगड. रूकने लागतील तेवढेच दगड टाकले, आणि लहान-मोठे दगड समोर असताना मोठे आधी उचलले. गंमत अशी की हा पक्षी रानात असताना असली हत्यारं वापरताना दिसत नाही. अक्कल असते, ती वापरायची वेळ यावी लागते.

बाकीचे खिडकीतले

चिमणीत लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे ती स्वतः दाणे खाते पण पिल्लांना किडे आणि अळ्या भरवते. चोचीत हिरवी अळी घेऊन मीटरच्या खोक्यात शिरणारी चिमणी दिसली तर आत पिल्लं आहेत समजा. तांदूळ टाकून चिमण्या वाढतील असं वाटत असेल तर ते होत नाही. ज्या सोसायटीत औषधफवारणी करून किडे संपवलेत तिथे पिल्लांना भरवायला काही उरतच नाही. दरवर्षी २० मार्चला चिमणी दिवस येतो तेव्हा दाण्यांची पाकिटं वाटली जातात. त्याऐवजी एक कढीपत्त्याचं झाड लावलेलं बरं.

साळुंकी चालत खाते. गवत कापणाऱ्या माळ्याच्या मागे मागे जाते, कारण विळ्याने उडालेले नाकतोडे तिला आयते मिळतात. पोपट पायात धरून खातो आणि खाण्यापेक्षा सांडतो जास्त. शेंग किंवा फळ कोणत्या पायात धरतो ते बघा, डावरे आणि उजवे दोन्ही भेटतात. पोपट पिंजऱ्यात ठेवणं मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कितीही मिठू मिठू बोलला तरी.

पारव्याला मठ्ठ समजू नका. जपानमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पारवे मोने आणि पिकासो यांची चित्रं वेगळी ओळखायला शिकले, आणि आधी न पाहिलेल्या चित्रांतही त्यांना फरक कळला. पण त्याच्या खाण्यात कावळ्यासारखी चलाखी शोधू नका. त्याची हुशारी रस्ता आणि जागा लक्षात ठेवण्यात आहे.

पक्ष्यामागे पळू नका, झाड पकडा

खिडकीतून बाहेर पडल्यावर लोक पार्कभर फिरतात आणि पानांच्या सळसळीशिवाय काही हाती लागत नाही. एकच फळलेलं किंवा फुललेलं झाड शोधा आणि त्याखाली तासभर बसा. वड, पिंपळ, उंबर यांपैकी एखादं फळलेलं असेल तर सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास पुरे.

वडाच्या झाडावर एकच फळ खायच्या पाच तऱ्हा दिसतील. तांबट अख्खं फळ गिळतो. बुलबुल लहान असेल तर गिळतो, मोठं असेल तर टोचून खातो. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, फांदीवरून पोपटासारखा उलटा लोंबकळत फळ तोडतो. राखी धनेश फळ चोचीच्या टोकात पकडतो, डोकं मागे झटकून हवेत उडवतो आणि थेट घशात झेलतो. पोपट चावून निम्मं खाली टाकतो, आणि खाली चिचुंद्र्या-घुशींची सोय होते. मुंबईत धनेश आता मलबार हिलपासून बोरिवलीपर्यंत दिसतो. त्याचा कर्कश आवाज ऐकून घारच असेल असं समजून खूप जण वर बघतही नाहीत. पक्ष्यांनी गिळलेल्या बिया नंतर कुठे पडतात हे बघायचं असेल तर कुठल्याही जुन्या चाळीच्या पन्हाळीकडे बघा. तिथे उगवलेला पिंपळ कोणी लावलेला नसतो.

जानेवारी ते मार्च काटेसावर आणि पांगारा फुलतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात अशा एका काटेसावरीखाली बसा. भोरड्यांची टोळी येते, गोंगाट करते, फुलात अख्खं तोंड खुपसते आणि कपाळ पिवळं करून घेते. कोतवाल मधासाठी येतो आणि फुलाभोवतीचे किडेही पकडतो. शिंजीर बारीक वाकडी चोच घालून नेमका मध ओढतो. जास्वंदीवर तोच शिंजीर काय करतो ते घरी बघा: फूल लांब असलं की समोरून शिरत नाही, देठाजवळ भोक पाडून मागच्या दाराने मध पितो. परागकण वाहून नेण्याचं काम टळतं, मध मात्र मिळतो.

याच उद्यानात हिवाळ्यात वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून शिकारीला निघतात. कोणी पानं चाळतो, कोणी खोड, कोणी उडणारे किडे. अशा टोळीत लांब शेपटीचा पल्लवपुच्छ कोतवाल असेल तर कान तिकडे ठेवा. तो इतरांचे आवाज काढतो. श्रीलंकेतल्या जंगलात गुडेल आणि कोटगामा यांनी या कोतवालाचा अभ्यास केला. टोळी जमवण्यात आणि धोक्याचा इशारा देण्यात या नकलांचा उपयोग होतो असं त्यांना दिसलं. इतरांनी पानांतून हुसकावलेले किडे हवेत पकडायचे म्हणजे टोळी सोबत असलेली त्याला सोयीचीच. नकला करणारा पक्षी ओळखायला मर्लिनसारखं, आवाजावरून पक्षी सांगणारं ॲप वापरत असाल तर ते मधूनमधून गोंधळेल. तेव्हा डोळ्यांनीच खात्री करा.

खाडीवर जाताना

शिवडी, भांडुप पंपिंग स्टेशन, ऐरोली. कुठेही जा, पण निघताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. पूर्ण ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. पूर्ण भरतीला बसायला चिखलच राहत नाही. पाणी चढत असताना पोचलात तर पक्षी खात खात तुमच्याकडेच सरकतात. चिखलात पाय घालायचा नाही, गुडघ्यापर्यंत जातो आणि बाहेर काढायला लोक बोलवावे लागतात.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे इथे असतात. त्यांची चोच पाण्यात उलटी असते, म्हणजे वरचा भाग खाली. जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते आणि चोचीच्या कडेची झालर सूक्ष्म शेवाळ गाळून घेते. लहान रोहित या जातीचा पक्षी बहुतेक याच शेवाळावर जगतो आणि त्याचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली.

पण रोहितांचे फोटो काढून झाले की लहान बगळ्याकडे या. काळे पाय आणि पिवळी बोटं. उथळ पाण्यात एक पाय पुढे टाकून तो बोटं थरथरवतो, गाळ ढवळला जातो, दबकून बसलेला मासा हलतो आणि चोच खाली येते. मग दुसरा पाय. अर्धा तास एकाच बगळ्यावर नजर ठेवली तर किती वेळा चुकतो हेही कळतं. शेकाट्याचे लांब पाय त्याला खोल पाण्यात नेतात, तुतवार शेपटी हलवत काठाच्या दगडांतच राहतो. एकाच खाडीत प्रत्येकाचं ताट वेगळं.

खायला घालायचं असेल तर

पारव्यांना दाणे घालू नका. हे वाचून काहींना राग येईल. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला महापालिकेला सांगितलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, आंदोलनं झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. धर्माचा आणि राजकारणाचा भाग बाजूला ठेवून पारव्याच्या शरीराकडे बघा. पारव्याचे आईबाप पिल्लांना स्वतःच्या अन्नपिशवीत तयार झालेलं दुधासारखं द्रव्य पाजतात, त्यामुळे त्यांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागत नाहीत. पोटभर धान्य मिळालं की ते वर्षभर वीण घालू शकतात. चिमणीला हे जमत नाही. म्हणून शहरभर टाकलेल्या धान्याने पारवेच वाढतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत छातीत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती जुनी झाली की फुप्फुसं कायमची खराब होतात.

गेटवेहून घारापुरीच्या लाँचवर हिवाळ्यात कुरवांना (सीगल) गाठ्या आणि शेव उडवायची पद्धत पडली आहे. कुरव हवेत झेलतात, फोटो छान येतात. तळलेलं, खारट, बेसनाचं खाणं समुद्रपक्ष्याच्या कामाचं नाही. त्याला मासे पकडता येतात. पुडी विकणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

एरवी काय चालतं? साधा शिजवलेला भात मिठाशिवाय, भिजवलेले हरभरे, बाजरी, पपईची किंवा केळ्याची फोड. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो ही निव्वळ आवई आहे. दूध, चॉकलेट, खारे दाणे, बुरशी आलेला पाव आणि फोडणीचं काहीही नको. मूठभराच्या वर नाही, अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं आणि जागा धुवायची. रोज नको. सणावारी काकबळी ठेवता तेवढंच ठेवलंत तरी चालेल.

दाण्यापेक्षा पाण्याचा उपयोग जास्त. मार्च ते जून मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी, मध्ये बसायला एक चपटा दगड. रोज ओतून, नारळाच्या शेंडीने घासून नवीन भरायचं. पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर डेंग्यूच्या डासाची पैदास होते, आणि तपासणीला आलेला महापालिकेचा माणूस पक्षीप्रेमाची सबब ऐकून घेत नाही. शिंजीर यावा असं वाटत असेल तर साखरपाण्याच्या बाटल्या लटकवण्याऐवजी कुंडीत जास्वंद किंवा हमेलिया लावा. सोसायटीत जागा असेल तर शेवगा आणि उंबर. सेक्रेटरी उंबराला आधी नाही म्हणतील, मुळं टाक्यांपर्यंत जातात म्हणून, आणि ते बरोबर असतात, म्हणून टाक्यांपासून लांबची कंपाउंडकडची जागा मागा.

एप्रिल ते ऑगस्टचं वेगळं वेळापत्रक

एप्रिलपासून कावळे घरटी बांधतात. काड्यांत तारेचे तुकडे गुंफलेले दिसतील. या काळात वरच्या परीक्षा बंद ठेवा. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. अमेरिकेत सिॲटलला जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये एक मुखवटा घालून ७ कावळे पकडले आणि सोडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर ओरडत आले, आणि त्यात ज्यांना कधी पकडलंच नव्हतं असे कावळेही होते. प्रत्येक सोसायटीत एखादा वॉचमन असतो आणि मे महिन्यात फक्त त्यालाच डोक्यावर टोच बसते. त्याने काय केलं होतं ते विचारा, बहुतेक वेळा घरट्याची फांदी छाटलेली असते. अशा माणसाने त्या झाडाखालून जाताना छत्री उघडावी, कावळा शक्यतो मागून येतो.

एवढा हुशार पक्षी कोकिळेकडून मात्र दरवर्षी फसतो. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालते आणि तिचं पिल्लू बहुतेक आधी बाहेर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आंब्यावर किंवा गुलमोहरावर सतत घशातून ओरडणारं, पंख थरथरवणारं मोठं पिल्लू आणि त्याच्या तोंडात पोळी कोंबणारा कावळा दिसला तर थांबून बघा. वहीत लिहा की कावळा त्याला काय भरवतो, आणि ते पिल्लू स्वतः फळ खायला कधी लागतं. माणसाचा चेहरा ओळखणारा कावळा आपल्याच घरट्यातलं परकं पिल्लू ओळखत नाही, कारण अंडं दिसलं की उबवायचं आणि आवासलेलं तोंड दिसलं की भरायचं, यात तो विचार करत बसत नाही.

पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर लगेच उचलून घरी नेऊ नका. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप वरच बसलेले असतात. मांजराचा किंवा गाडीचा धोका असेल तर जवळच्या झुडपावर किंवा फांदीला बांधलेल्या टोपलीत ठेवून बाजूला व्हा. कावळ्याचं पिल्लू असेल तर डोक्यावर टॉवेल घेऊन जा. उघडं, बिनपिसांचं किंवा जखमी पिल्लू असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा परळच्या जनावरांच्या इस्पितळात न्या. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला कापड घाला. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. खोकं झाकून ठेवा आणि टॅक्सीत मांडीवर घ्या.